एक घर जास्त

मंद्रूपचं दूध त्या बुधवारी सकाळी सोलापुरात पोचलं तेव्हा वरकरणी त्यात काही खोट नव्हती. टँकर वेळेवर आला होता, दूध गार होतं, वासही आंबूस नव्हता. सुकन्यानं नेहमीप्रमाणे नळीत थोडं घेतलं आणि उकळत्या पाण्यात धरलं. बघता बघता त्याच्या गुठळ्या झाल्या. तिनं दुसरा नमुना घेतला, मग तिसरा. तिन्ही फाटले. दहा वाजेपर्यंत मंद्रूपच्या सगळ्या घरांचं दूध डेअरीच्या मागच्या गटारात गेलं, आणि ते जाताना बघायला खुद्द गुरुशांत साहेब दारात येऊन उभे राहिले.

सुकन्या अक्कलकोट रोडवरच्या त्या खाजगी डेअरीत दोन वर्षांपासून तपासनीस होती. नोकरी कराराची. मूळची मोहोळकडची, वडील, म्हणजे आण्णा, अजून मेंढरं राखायचे, आणि घरात कॉम्प्युटरसमोर बसून काम करणारी ती पहिलीच. नळीतलं दूध तपासणं एवढंच तिचं काम, पण एक्सेलमध्ये हिचा हात चालतो हे एकदा कळल्यावर डेअरीतला अडलेला प्रत्येक तक्ता तिच्या टेबलावर येऊन पडायचा. तिलाही ते आवडायचं. दुसऱ्यांना न सुटलेलं आपल्याला सुटलं की तिच्या अंगात एक घाई भरायची, लगेच पुढचं काहीतरी हातात घ्यावंसं वाटायचं.

"मंद्रूपच्या सिद्धाप्पाला अकराला बोलावलंय," गुरुशांत साहेब तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले. ते डेअरीचे व्यवस्थापक. बोलताना कधी बसत नसत. "कूलरच्या कंपनीला फोन केला. ते म्हणतात, रिपोर्ट दोन दिवसांनी देऊ. वरून मला तासाला फोन येतोय. तू बघ. मला फक्त एवढंच सांग, मशीन बिघडलं का माणसानं बंद केलं?"

"सर, त्यातले आकडे कसे वाचायचे ते आधी..."

"पंधरा मिनिटं घे," साहेब म्हणाले आणि गेले.

गावोगावच्या केंद्रांवर दूध गार ठेवायला मोठे कूलर बसवलेले होते. प्रत्येक कूलर दर दहा मिनिटांनी एक ओळ पाठवायचा. त्यात वेळ, दुधाचं तापमान आणि शेवटी 'स्थिती' या नावाखाली एक आकडा असे. एरवी तो आकडा कधी तीन, कधी सात, कधी पंधरा. मंद्रूपच्या कूलरनं मात्र मंगळवारी रात्री नऊ वीसपासून पहाटे पाच दहापर्यंत सलग एकच आकडा पाठवला होता. सदतीस. आणि तेवढ्या वेळात दुधाचं तापमान चढत चढत तेवीसवर गेलं होतं. पहाटेनंतर कूलर पुन्हा सुरू होऊन त्यानं नासलेलं दूध व्यवस्थित गार करून ठेवलं, म्हणून टँकरवाल्यालाही कळलं नाही.

कपाटात कूलरच्या माहितीपुस्तकाची झेरॉक्स सापडली. तिच्यात एक छोटा तक्ता होता. एक, वीज. दोन, कॉम्प्रेसर. तीन, ढवळणारा पंखा. चार, झाकण उघडं. पाच, हाताने बंद. सहा, फेजचा बिघाड. तक्ता बघताच सुकन्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एका आकड्यात सहा दिवे लपवले होते. हे ती कॉलेजात शिकली होती. कोणताही आकडा शून्य आणि एक यांच्या रांगेत मांडता येतो, आणि रांगेतलं एकेक घर म्हणजे एकेक दिवा, एक असेल तर पेटलेला, शून्य असेल तर विझलेला. एक्सेलमध्ये बिट-आर-शिफ्ट नावाचं एक सूत्र असतं. ते ही रांग आपण सांगू तितकी घरं उजवीकडं सरकवतं, आणि जी घरं कडेच्या बाहेर जातात ती गळून पडतात. आपल्याला हवा तो दिवा असा कडेला आणायचा आणि बघायचं, उरलेला आकडा विषम आहे का सम. विषम असला तर दिवा पेटलेला.

तिला दोनच दिवे हवे होते. पाचवा, म्हणून तिनं पाच घरं सरकवली. सहावा, म्हणून सहा. सूत्र खाली ओढलं. 'हाताने बंद'च्या रकान्यात नऊ वीसपासून पाच दहापर्यंत एकाखाली एक, एक, एक, एक असे खाली उतरत गेले. 'फेजचा बिघाड'मध्ये सगळी शून्यं. बारा मिनिटं लागली होती.

सिद्धाप्पा अकराच्या आधीच आला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कपाळाला विभूती, हातात टोपी. चौदा वर्षं मंद्रूपचं केंद्र त्याच्याकडं होतं. साहेबांच्या केबिनमध्ये तो उभाच राहिला.

"साहेब, मी साडेनऊला दार लावून घरला गेलो, तवा दिवा जळत व्हता, पंका फिरत व्हता. मी बटनाला हात बी लावला न्हाय."

"सुकन्या, सांग," साहेब म्हणाले.

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला आणि वाचून दाखवलं. नऊ वीसला हाताने बंद. पाच दहाला सुरू. मध्ये मशीनमध्ये कसलाही बिघाड नाही.

"तसं कसं व्हईल?" सिद्धाप्पा म्हणाला. "त्या राती लाइटीचाच कायतर घोळ व्हता साहेब. माझ्या गिरणीची मोटर बी..."

"गिरणी?" साहेबांनी मान वर केली. "तुमची पिठाची गिरणी केंद्राला लागूनच आहे ना? त्याच लाइनवर?"

"व्हय, पण..."

"म्हणजे गिरणी चालवायला कूलर बंद केला."

सिद्धाप्पानं खिशातून केंद्राची चावी काढून टेबलावर ठेवली. जाताना तो सुकन्याजवळ थांबला. आवाज चढवला नाही.

"मॅडम, हे मशीननं सांगितलं का तुमी?"

तो गेला.

साहेब खूश होते. वरच्यांना मेल गेला, त्यात सुकन्याचं नाव होतं. पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला. दुसऱ्या दिवशी नळ्या धुताना एक फुटली, त्याच्या पुढच्या दिवशी दुसरी. स्कूटीवरून सात रस्त्याला जाताना सिग्नल सुटला तरी ती उभीच, मागून हॉर्न वाजले तेव्हा निघाली. सूत्र बरोबर होतं. आकडा बरोबर होता. मग त्या माणसाचा प्रश्न कानातून का जात नाही, हेच तिला समजत नव्हतं.

शुक्रवारी मंद्रूपहून चन्नप्पाचा फोन आला. हा पेंडीचा दुकानदार, केंद्राची चावी तात्पुरती त्याच्याकडं दिली होती. कामाचं बोलून झाल्यावर म्हणाला, "गावात लई गरम हाय मॅडम. सिद्धाप्पाच्या गिरणीवर कोन दळण टाकंना झालंय. लोकं म्हनत्यात, आमचं दूद नासवून ह्यो पीट दळत व्हता. ईरम्मा दोन दिस दारातच बसून हाय."

ईरम्मा म्हणजे सिद्धाप्पाची बायको. सुकन्यानं फोन ठेवला आणि ती उगाचच प्रयोगशाळेतून अंगणात, अंगणातून पुन्हा आत अशा चकरा मारत राहिली.

शनिवारी साहेबांनी नवं काम दिलं. मंद्रूपचं बघून वरचे लोक म्हणाले होते, सगळ्या केंद्रांचा असाच तक्ता करा. म्हणजे अकरा केंद्रं, पूर्ण आठवडा, आणि या वेळी सहाही दिवे. सुकन्यानं सहा रकाने केले. पहिल्याला एक घर, दुसऱ्याला दोन, असं करत सहाव्याला सहा. मग आकडे भरले आणि बघत बसली.

आधी तिचं लक्ष झाकणाच्या रकान्याकडं गेलं. तिथं शून्यंच शून्यं. एखाद्या ठिकाणी कूलर धुवायच्या वेळी एक दिसत होता, तेवढंच. बाकी आठवडाभर अकरा गावांतल्या अकरा कूलरचं झाकण कुणी उघडलेलंच नव्हतं.

तिनं खुर्ची मागं सरकवली.

रोज सकाळ-संध्याकाळ माणसं कॅन घेऊन येतात, झाकण उघडतात, दूध ओततात. झाकण उघडलं नाही तर दूध आत गेलं कुठून?

मग तिनं मंद्रूपच्या सदतीसकडं पाहिलं. तिच्या तक्त्यानुसार त्या रात्री वीज नव्हती आणि कॉम्प्रेसर चालू होता. विजेशिवाय. तिनं कागद ओढला आणि सूत्र बाजूला ठेवून हातानं करायला घेतलं. रांग एक घर सरकवणं म्हणजे आकड्याचं अर्धं करणं आणि वरचा अर्धा सोडून देणं. सदतीस. त्याचे अठरा, अठराचे नऊ, नवाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. सहा आकडे झाले, सहा दिव्यांचे सहा. पण सहा आकडे लिहायला तिनं पाचच वेळा अर्धं केलं होतं. पहिला दिवा तर सदतीसवरच बघायचा होता, काही न सरकवता. पुस्तकातला तक्ता एकपासून मोजत होता, सरकवणं शून्यापासून. पाचव्या दिव्यासाठी चारच घरं सरकवायची असतात. तिनं एक घर जास्त सरकवलं होतं.

पाचवा आकडा दोन, म्हणजे सम. हाताने बंद नाही. सहावा एक, म्हणजे विषम. फेजचा बिघाड.

सिद्धाप्पानं बटणाला हात लावला नव्हता.

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. ते अकलूजला कुणाच्या तरी लग्नात होते, मागं बँड वाजत होता.

"सर, मंद्रूपचं माझं चुकलंय. बिघाड फेजचा होता. माणसानं काही केलं नव्हतं."

"काय? मोठ्यानं बोल."

तिनं पुन्हा सांगितलं. बँड थोडा लांब गेला. साहेब बाजूला आले असावेत.

"हे बघ, मेल वर गेलाय. आज एक म्हणायचं, उद्या दुसरं, असं नाही चालत. कंपनीचा रिपोर्ट येऊ दे. त्यात असेल तर आपोआप होईल. सोमवारी बघू. आणि तोवर कुणाला बोलू नकोस."

सोमवार. म्हणजे अजून दोन दिवस ईरम्मा दारात बसणार. सुकन्यानं लॅपटॉप मिटला, उघडला, पुन्हा मिटला. करार पुढच्या महिन्यात संपत होता, हेही तिच्या मनात आलंच. न राहवून तिनं आण्णांना फोन केला आणि सगळं सांगितलं. आण्णांना सूत्राचं काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"म्हंजी मोजन्यात चूक झाली म्हन की."

"व्हय आण्णा."

"मी न्हाय का मेंढरं मोजताना चुकत? चुकलं की परत मोजतो. आनी कुनाला चोर म्हटलं असंल तर त्याच्या घरला जातो." मग ते म्हणाले, "साहेब सोमवारी बगंल. तुला आज झोप लागंल का?"

लागली नाही. रविवारी दुपारी ती विजापूर रोडच्या एसटीत बसली. खिडकीशी जागा मिळाली होती, पण तिचं बाहेर लक्ष नव्हतं. कंडक्टरनं दोनदा विचारल्यावर तिनं तिकीट घेतलं. काय बोलायचं ते मनात जुळवत होती आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्याशी अडखळत होती.

केंद्राच्या शेजारीच गिरणी होती. दार उघडं, पट्टा गप्प, जमिनीवर पिठाचा मागमूस नाही. उंबऱ्यावर ईरम्मा बसली होती. तिनं सुकन्याला ओळखलं नसावं, पण गळ्यातलं डेअरीचं ओळखपत्र बघितलं आणि आत तोंड करून कानडीत काहीतरी तुटक बोलली. सिद्धाप्पा बाहेर आला.

"काका, चूक माझी होती," सुकन्या म्हणाली. जुळवलेलं सगळं विसरून गेली होती. "तुम्ही बंद केलं नव्हतं. मी आकडा चुकीचा वाचला."

सिद्धाप्पानं तिला दाराशी बोलावलं.

"कसा चुकीचा? दाकवा."

गिरणीच्या दाराच्या फळीवर खडूनं दळणाच्या पाळीची नावं लिहायची जागा होती. ती आता कोरी होती. सुकन्यानं खडू मागितला आणि सदतीसपासून खाली एकापर्यंत सहा आकडे लिहिले. प्रत्येकासमोर दिव्याचं नाव लिहिलं, सम कोणता, विषम कोणता ते सांगितलं. मग आपण एक पायरी जास्त कशी उतरलो, ते दाखवलं. अर्ध्याचं अर्धं सिद्धाप्पाला समजायला वेळ लागला नाही, जन्मभर त्यानं पायली-अर्धपायली मोजली होती. बोट ठेवत ठेवत तो शेवटच्या एकापर्यंत आला.

"फेज," तो म्हणाला. "तीनातला एक गेला व्हता. म्हनून दिवा जळत व्हता, पंका फिरत व्हता, ती बारकी मोटर एका फेजवर चालती. आन् मोठा कॉम्प्रेसर थांबला. माझी गिरणीची मोटर बी त्या राती नुसती गुरगुरली, म्हनून मी ती चालूच केली न्हाय. तेच मी साहेबांना सांगत व्हतो."

"माहीत आहे," सुकन्या म्हणाली. "तुम्ही सांगत होता."

ईरम्मा उठून आत गेली. सिद्धाप्पानं खडू हातात घेऊन फिरवला, खाली ठेवला.

"मला हितं सांगून काय उपेग, मॅडम? मला तर ठावंच हाय. साडेपाचला लोकं दूद घिऊन येत्यात. तितं सांगा."

सुकन्याच्या डोळ्यांसमोर साहेब आले. कुणाला बोलू नकोस. "सांगते," ती म्हणाली.

केंद्रावर पन्नासेक माणसं होती. चन्नप्पा कूलरचं झाकण उघडून कॅन ओतून घेत होता. निम्मं संकलन झालं होतं, कॉम्प्रेसर घरघरत होता. सिद्धाप्पा दारात दिसला तशी कुजबुज झाली. सुकन्यानं आपण कोण ते सांगितलं, बुधवारचा निकाल आपणच दिला आणि तो चुकला, हेही सांगितलं. मागून एक बाई पुढं आली. मथुराबाई. घरी दोन म्हशी, आणि बुधवारपासून सिद्धाप्पाविरुद्ध सगळ्यांत जास्त तीच बोलली होती.

"त्या दिवशी बी आकड्यावरनंच सांगितलंस की," ती म्हणाली. "आज बी आकडाच. मग आजचा खरा कशावरनं? का साहेबानं पाटवलं तुला?"

"साहेबांना माहीतच नाही मी आलेय ते," सुकन्या म्हणाली. आणि उत्तर शोधता शोधता तिची नजर कूलरवर गेली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मशीनलाच विचारू."

कूलरच्या पेटीला छोटा पडदा होता आणि एक बटण दाबलं की त्यावर स्थितीचा आकडा दिसायचा. केंद्रावर कुणी कधी तो बघितला नव्हता. तिनं मथुराबाईलाच पडद्यासमोर उभं केलं. झाकण उघडं होतं.

"किती आहे?"

"पंदरा."

"चन्नप्पा, झाकण लावा."

"सात झालं," मथुराबाई म्हणाली.

"आता हातानं बंद करा. ते लाल बटण."

चन्नप्पानं बटण दाबलं. घरघर थांबली, ढवळणारा पंखाही थांबला. मथुराबाई पडद्याशी वाकली. "सतरा."

"माणसानं बंद केलं की सतरा येतात," सुकन्या म्हणाली. "त्या रात्री सगळा वेळ सदतीस होते. सतरा एकदाही नव्हते." तिनं फोनवर त्या रात्रीचे आकडे काढून समोर धरले. दोन-तीन तरुणांनी फोन हातात घेऊन वरखाली करून बघितलं.

चन्नप्पानं कूलर पुन्हा चालू केला. तेवढ्यात सिद्धाप्पा काही न बोलता भिंतीवरच्या बोर्डाकडं गेला. पायांत रबरी चपला होत्या. त्यानं मेन बंद केलं, तीन फेजांच्या तीन किटकॅट फ्यूजमधला कडेचा एक उपसून काढला आणि मेन पुन्हा चढवलं. वरचा दिवा लागला. पंखा फिरायला लागला. कॉम्प्रेसर मात्र गप्पच राहिला.

"बग," सिद्धाप्पा मथुराबाईला म्हणाला.

ती पडद्याकडं बघत राहिली. ओठ हलले, पण आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही. मागच्या तरुणानं मान पुढं काढून वाचला. "सदतीस."

"दिवा जळत व्हता, पंका फिरत व्हता," सिद्धाप्पा म्हणाला. बुधवारी केबिनमध्ये म्हणाला होता तेच, त्याच आवाजात. मग त्यानं मेन पाडलं, किटकॅट जागेवर बसवलं आणि मेन चढवलं.

मथुराबाईनं पदर सारखा केला. "सिद्धाप्पा, मी लई बोलले."

"बोललीस की," तो म्हणाला. चन्नप्पानं झाकण उघडलं आणि उरलेले कॅन ओतून घेतले.

सोमवारी सुकन्या साहेबांच्या आधी ऑफिसात होती. मंद्रूपचा फोन तिच्या आधी पोचला होता, हे साहेबांचा चेहरा बघूनच कळलं.

"कुणाला विचारून गेलीस?"

"कुणालाच नाही, सर."

"मी बोलू नकोस म्हणालो होतो."

"हो."

तिनं लिहून आणलेला कागद पुढं ठेवला. सूत्रात काय चुकलं, झाकणाच्या रकान्यावरून ते कसं लक्षात आलं, रविवारी काय केलं, सगळं, खाली तिची सही. साहेब कागद वाचत होते आणि ती उभ्या उभ्या ओढणीचं टोक पिळत होती. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. मग, ती दोन वर्षांत पहिल्यांदाच बघत होती, खुर्ची ओढून बसले.

"पंधरा मिनिटं मीच दिली होती तुला," ते म्हणाले. "आणि तो गिरणीचं काही सांगत होता, मी तोडलं." त्यांनी तिच्यासमोरच वरच्यांना फोन लावला. बराच वेळ ते नुसतं "हो सर, हो सर" करत होते. शेवटी म्हणाले, "नाही सर, तिची एकटीची नाही. मी तपासलं नाही."

चावी शुक्रवारी सिद्धाप्पाकडं परत गेली. कूलरच्या कंपनीचा रिपोर्ट त्यानंतर दोन दिवसांनी आला, त्यात फेजचंच होतं. सुकन्याचा करार वाढला, पण वर्षाचा नाही, तीन महिन्यांचा. कारण कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. अकरा केंद्रांचा तक्ता तिनं पूर्ण केला, मात्र आता एखादा रकाना केला की ती त्या केंद्राला फोन लावायची. झाकण उघडा, बंद करा, पडद्यावर काय येतंय ते सांगा. लोक वैतागायचे. एकदा साहेबही म्हणाले, किती वेळ लावतेस. ती हो म्हणायची आणि पुढचा फोन लावायची.

पंधरा दिवसांनी मेकॅनिक मंद्रूपला घंटा बसवायला जाणार होता, फेज गेला की वाजणारी; त्याच्यासोबत तिलाही पाठवलं. सिद्धाप्पानं कूलर पुसून ठेवला होता. त्यानं घंटा कुठं हवी ते दाखवलं, दोनदा वाजवून बघितली, नीट बोलला. गिरणी चालू होती. दोन बाया डबे घेऊन बसल्या होत्या, आणि ईरम्मा पट्ट्याच्या आवाजात पीठ भरून देत होती. सुकन्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, बरं आहे ना?"

ईरम्मानं मान वर केली नाही. डबा भरला, झाकण लावलं, पुढचा डबा ओढला. बसलेल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. सुकन्या केंद्राच्या नळावर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं, आणि मेकॅनिकला आवरायला सांगून पाचच्या एसटीसाठी रस्त्यावर येऊन उभी राहिली.